एका दिवसाची माजुली

बेट म्हटले की आपल्याकडच्या माणसाला आधी समुद्र आठवतो. जंजिरा, खांदेरी, घारापुरी. आणि भूगोलाच्या पेपरात हमखास विचारतात म्हणून अंदमान. नदीतही बेट असते, आणि ते एखाद्या लहानशा तालुक्याएवढे मोठे असू शकते, हे मला शाळेत शिकवले गेले असणार. पटले मात्र गेल्या वर्षी ऑक्टोबरात, आसामात जोरहाटजवळच्या नीमाती घाटावर उभा राहिलो तेव्हा. समोर पाणी होते, पाण्यापलीकडे पांढऱ्या वाळूची रेघ होती, रेघेपलीकडे पुन्हा पाणी होते, आणि ज्या माजुलीसाठी आम्ही पहाटे चारला उठलो होतो ती यांपैकी कशातच दिसत नव्हती.

जोरहाटला माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा चहाच्या संशोधनाच्या कामात आहे. (तेथील टोकलाईचे संशोधन केंद्र १९११ सालचे. आपल्या सकाळच्या कपामागे शंभरांवर वर्षांची विद्वत्ता उभी आहे हे मला भाच्यामुळे कळले. चहाला घरी चव तीच राहिली.) दोन वर्षे त्याची पत्रे नव्हेत, पण फोन येत होते. "मामा, माजुली पाहायची असेल तर लवकर या."

"का रे? बदली होणार आहे की काय?"

"माझी नाही हो मामा, माजुलीची."

थट्टेवारी नेण्याची आमच्या घराण्यातली सवय, म्हणून मी ते हसण्यावारी नेले. सौ.ने मात्र त्याच रात्री गाड्यांची वेळापत्रके काढली.

आता या पाण्याविषयी. आपण 'ब्रह्मपुत्रा' म्हणतो आणि तिला सरळ गंगा-यमुनेच्या पंक्तीला बसवतो. आसामी माणूस 'ब्रह्मपुत्र' म्हणतो. ती नदी नव्हे, तो नद, ब्रह्मदेवाचा मुलगा. भाषेच्या मास्तराला अशी माहिती मिळाली की त्याचा प्रवासखर्च वसूल होतो. पण नीमातीला अर्धा तास उभे राहिल्यावर लक्षात आले की ही व्याकरणाची बाब नसावी. आपल्या कृष्णा-गोदावरी वाहतात तेव्हा गावाकडे पाहत वाहतात. काठावर घाट असतो, घाटावर देऊळ असते, देवळापाशी धुणे असते. इथे घाट म्हणजे वाळूवर टाकलेल्या फळ्या आणि बांबूच्या चार टपऱ्या. पायऱ्या बांधायच्या कोठे? पाणी चढले की घाट मागे सरकतो, उतरले की पुढे जातो. चहावालाही आपली चूल उचलून त्याच्यामागून जातो. वाळूचे पट्टे काशाच्या पांढऱ्या तुऱ्यांनी भरून गेले होते. कालिदासाने 'ऋतुसंहारा'त शरदाला काशाचे वस्त्र नेसवले आहे. मी ते वर्गात कितीदा सांगितले असेल! ते वस्त्र एवढे लांबरुंद असेल अशी कल्पना नव्हती.

बोटीत माणसांच्या आधी मोटरसायकली चढल्या. मग दोन मोटारी, मग गॅसची सिलिंडरे, कोबीची पोती, एक नवे लोखंडी कपाट, आणि सर्वांत शेवटी उतारू. ८ सप्टेंबर २०२१ रोजी याच घाटाजवळ दोन बोटींची टक्कर होऊन एक उलटली होती. त्यानंतर एका इंजिनाच्या खाजगी बोटींवर बंदी आली. नारिंगी जाकिटे टांगलेली होती. ती आम्ही तिघांनी घातली आणि त्यावरून आम्ही परगावचे आहोत हे सगळ्या बोटीला कळले. शेजारी एक प्रौढ गृहस्थ जोरहाटच्या इस्पितळातून आईला परत नेत होते. म्हातारीला गुडघ्याशी गोधडीत लपेटून बाकावर निजवले होते. "दिवसा आजारी पडले तर बरे," ते म्हणाले, "रात्री बोट नसते." हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितले नाही, आपण 'बुधवारी पाणी येत नाही' असे सांगतो तसे सांगितले. नीमाती आणि माजुली यांना जोडणाऱ्या पुलाची पायाभरणी २०२१च्या फेब्रुवारीत झाली. आम्ही गेलो तेव्हा त्याचे काम पुरे झालेले नव्हते.

तास-सव्वा तासाने कमलाबारी घाट आला. तोही तसाच, वाळू आणि फळ्या. भाच्याने ठरवून ठेवलेली गाडी उभी होती. शेवटची बोट चारच्या सुमाराला सुटते, ती चुकली की मुक्काम, हे चालकाने आधीच बजावले. म्हणजे एका बेटाला आमच्याजवळ सहा तास होते.

माजुली कशी झाली ते थोडक्यात सांगतो. पूर्वी हा दोन समांतर वाहणाऱ्या पाण्यांमधला जमिनीचा लांबट पट्टा होता. नावाचा अर्थही तसाच सांगतात. पुढे अठराव्या शतकातल्या मोठ्या पुरांनी नदाने आपला मार्ग दक्षिणेकडे बदलला आणि पट्ट्याचे बेट झाले. आज दक्षिणेला ब्रह्मपुत्र आहे, उत्तरेला सुबनसिरी आणि खेरकटिया सूती. २०१६ साली बेटाच्या वाट्याला दोन मान आले. जगातले सर्वांत मोठे नदीबेट म्हणून त्याची गिनीज बुकात नोंद झाली आणि त्याच वर्षी तो स्वतंत्र जिल्हा झाला. असा जिल्हा देशात पहिलाच. पण माणसाचे सत्कार तब्येत खालावल्यावर सुरू होतात, तशातली ही गत. विसाव्या शतकाच्या आरंभी माजुलीचे क्षेत्रफळ सुमारे ८८० चौरस किलोमीटर होते. २०१४ साठी दिला जाणारा आकडा ३५२ आहे. मोजण्याच्या रीती वेगवेगळ्या असतात आणि त्यामुळे आकडे इकडेतिकडे होतात. पण ते सगळे एकाच दिशेने होतात.

भाच्याची 'बदली' ती ही.

पहिला थांबा उत्तर कमलाबारी सत्राचा. सत्र म्हणजे वैष्णवांचा मठ. श्रीमंत शंकरदेवांनी (१४४९–१५६८) आसामात जो भक्तिमार्ग उभा केला त्याची ही केंद्रे. शंकरदेव आणि त्यांचे पट्टशिष्य माधवदेव यांची पहिली भेट याच बेटावर झाली. तिला 'मणिकांचन संयोग' म्हणतात. ही भेट झाली ते धुवाहाट-बेलगुरी पाहायचे होते. चालक म्हणाला, "ते पाण्यात गेले." आळंदी पाण्यात गेली असे कोणी आपल्याला सांगितले तर कसे वाटेल, ते मनाशी करून पाहा. माजुलीत एके काळी पासष्ट सत्रे होती असे सांगतात. त्यांतली निम्म्याहून कमी उरली आहेत. काही बुडाली, काही आपले खांब आणि पोथ्या घेऊन पलीकडच्या काठी गेली.

उत्तर कमलाबारी उदासीन, म्हणजे ब्रह्मचारी भक्तांचे सत्र आहे. मधोमध नामघर, लांबच लांब दालन, दोहो बाजूंना लाकडी खांब, जमीन आरशासारखी पुसलेली. नामघराभोवती चारी बाजूंनी खोल्यांच्या ओळी; त्यांना 'हाटी' म्हणतात. एखाद्या चाळीच्या चौकात देऊळ बांधावे तशी रचना, फक्त नळावर भांडण नाही. लहान मुले येथे पाच-सात वर्षांची असताना येतात, वडीलधाऱ्या भक्ताच्या घरी वाढतात, गाणे, खोल वाजवणे आणि नृत्य शिकतात. या सत्रिय नृत्याला संगीत नाटक अकादमीने २००० साली शास्त्रीय नृत्याची मान्यता दिली. आम्ही गेलो तेव्हा एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा पायरीवर बसून गणिताची वही पुरी करत होता आणि मधूनच मांडीवर खोलाचे बोल वाजवत होता. मांडीवरचे बोल बरोबर येत असावेत; गणित कसे येत होते ते सांगता येत नाही.

नामघराच्या टोकाला गाभारा आहे, पण त्यात मूर्ती नाही. सिंहांनी तोललेले सात थरांचे लाकडी आसन, आणि त्यावर पोथी. पोथी भागवताची. नमस्कार करायचा तो ग्रंथाला. आमच्यासारख्या ग्रंथांवर पोट भरणाऱ्या माणसाला याहून सोयीचे देवस्थान मिळणार नाही. तेथील एका वृद्ध भक्तांशी भाच्याच्या मध्यस्थीने बोलणे झाले. मी त्यांना पंढरपूर सांगितले: विटेवरचा देव, आषाढीची वारी, लाखो माणसे पायी जातात ते. त्यांनी ते लक्षपूर्वक ऐकले आणि विचारले, "म्हणजे देव उभा असतो आणि तुम्ही चालता?"

"होय."

"आमच्याकडे पाणी आले की पोथी डोक्यावर घ्यायची आणि देवासकट चालायचे." आणि ते मोकळेपणाने हसले. त्यांच्या पाहण्यात सत्राच्या जमिनीपैकी किती गेली ते त्यांनी मग बोटांवर मोजून दाखवले. दोन्ही हातांची बोटे पुरली नाहीत.

एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. माधवदेव १५९६ साली वारले आणि आपले एकनाथमहाराज १५९९ साली. देशाच्या दोन टोकांना, एकमेकांची वार्ताही नसताना, एकाच काळात भागवत लोकांच्या भाषेत उतरत होते. नाथांनी 'रुक्मिणीस्वयंवर' लिहिले. शंकरदेवांनी 'रुक्मिणीहरण' हे नाटक लिहिले, तेही ब्रजावली नावाच्या एका मिश्र भाषेत, जिच्यात मैथिली आणि असमिया एकत्र नांदतात. नामघरात अशी नाटके आजही होतात. त्यांना 'भाओना' म्हणतात. आणि रुक्मिणीचा विषय निघाला तेव्हा भांडण झाले. चालक सहज म्हणाला, "रुक्मिणी आमच्या इकडची. भीष्मकाचे राज्य वरती सदियाकडे होते." अरुणाचलात भीष्मकनगर म्हणून जुने अवशेष आहेत आणि तेथील इदू मिश्मी लोक रुक्मिणीला आपली लेक मानतात, हे खरे आहे. पण सौ.चे माहेर अमरावतीचे. कौंडण्यपूर तिच्या माहेरापासून फार लांब नाही, आणि तेथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते ती तिने लहानपणापासून पाहिली आहे. "रुक्मिणी आमची वऱ्हाडची. यात बोलण्यासारखे काय आहे?" असे तिने त्याला शुद्ध मराठीत ऐकवले. त्याला शब्द कळले नाहीत; पण मुलीच्या माहेरच्या बाईशी वाद घालू नये एवढे त्याला कळले असावे. पुढचा मैलभर गाडी अगदी हळू चालली.

मध्ये औनिआटी सत्राचे संग्रहालय पाहिले. सत्र १६५३ सालचे, संग्रह मोठा. आम्ही घाईघाईने बाहेर पडलो, कारण सामागुरीला मुखवटे पाहायचे होते.

सामागुरी असे लिहायचे आणि उच्चारायचे जवळजवळ 'खामागुरी'. असमियातला स हा ख आणि ह यांच्या मध्ये कोठेतरी राहतो. चहाला 'चाह' लिहितात आणि 'साह' म्हणतात. माझ्या भाच्याने दोन वर्षांत ही भाषा उत्तम उचलली आहे, पण मराठी बोलतानाही आता तो मधूनच 'साह घेणार का?' म्हणतो, माझी बहीण त्यामुळे काळजीत आहे.

तर मुखवटे. आपल्याकडे दशावतारातला संकासुर आहे, जव्हारच्या बाजूला बोहाड्याचे मुखवटे आहेत; पण सामागुरीच्या दालनात शिरलो आणि सौ. दोन पावले मागे आली. समोर पूतना होती. डोळे फुटबॉलएवढे, जीभ बाहेर, आणि भाच्याने मागची दोरी ओढताच खालचा जबडा हलू लागला. भाओनासाठी हे मुखवटे तीन प्रकारचे करतात: तोंडापुरता, जबडा-हात हलवता येतो तो, आणि संपूर्ण देहाचा अजस्र, ज्याच्या आत माणूस उभा राहतो. आधी बांबूच्या बारीक कामट्यांचा सांगाडा विणतात, अगदी टोपली विणावी तसा. त्यावर नदीच्या चिकट मातीत बुडवलेली फडकी चढवतात. मग माती आणि शेण यांच्या मिश्रणाने नाक, गाल, भुवया उठवतात, उन्हात वाळवतात आणि रंग देतात. वजन म्हणाल तर पूतना मी एका हाताने उचलली. लाकडाची असती तर तिने कृष्णाच्या आधी नटाचाच जीव घेतला असता. येथले हेमचंद्र गोस्वामी यांना या कलेसाठी २०२३ साली पद्मश्री मिळाली. २०२४ साली माजुलीच्या मुखवट्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. एक तरुण बकासुराची चोच विणत बसला होता. "शिकायला मुले येतात का?" मी मास्तरकीच्या सवयीने विचारले. येतात म्हणाला. "आणि माती?" ती नदीतून. "बांबू?" तो घरामागचा. मग थोडे थांबून म्हणाला, "घरामागची जागा आहे तोवर."

दुपारचे जेवण मिसिंग लोकांच्या एका गावात झाले. मिसिंग हे मूळचे वरच्या डोंगरांतले. पिढ्यान्‌पिढ्या नदीच्या काठाने राहतात आणि नदीशी कसे राहावे ते त्यांना इतरांपेक्षा जास्त कळते. त्यांची घरे बांबूच्या खांबांवर, जमिनीपासून माणसाच्या छातीएवढी उंच. 'चांगघर' म्हणतात. कोरड्या दिवसांत घराखाली डुकरे, कोंबड्या, आणि माग. पूर आला की माणसे वर, पाणी खाली, आणि होडी जिन्याला. आणखी पाणी आले तर घरातली बांबूची जमीन सोडवून हातभर वर बांधतात. आपल्याकडे पावसात गळणाऱ्या गच्चीसाठी सोसायटीच्या तीन सभा होतात हे मी तेथे सांगितले नाही.

घरच्या बाईंनी दही, गूळ आणि 'कोमल साउल' दिला. हा तांदूळ शिजवावा लागत नाही. पाण्यात भिजवून ठेवला की खाण्याजोगा मऊ होतो. शेतावर जाणाऱ्याची आणि पुरात चूल विझलेल्या घराची ही सोय. सौ.ने त्या तांदळाची अशी काही उलटतपासणी केली की बाईंनी शेवटी तिला पुरचुंडीभर बांधून दिला. भाच्याने आपला 'आपोंग', म्हणजे तांदळाची दारू, दुरून दाखवली आणि मामीकडे पाहून लगेच विषय बदलला. घराखालच्या मागावर एक मुलगी विणत होती. तांबड्यावर काळी-पांढरी चौकडी, नकाशा कोठेही काढलेला नाही, सगळा बोटांत. सौ. तिच्याशेजारी बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. वीस मिनिटांनी मी हाक मारली तेव्हा ती म्हणाली, "थांबा हो, आमचे बोलणे चालले आहे."

अडीच वाजायला आले. सालमोरा गाठायचे होते.

सालमोरा हे बेटाच्या आग्नेयेचे कुंभारांचे गाव. मला त्याचे आकर्षण होते ते एका ऐकीव गोष्टीमुळे: या कुंभारांना चाक नाही. खरेच नाही. घरोघरी बायका अंगणात बसून मातीचा गोळा हाताने फिरवतात, पाट्यासारख्या फळीवर थापतात, आतून एका हाताने आधार देत बाहेरून लाकडाच्या थापटणीने ठोकतात, आणि पाहता पाहता भिंत वर चढते. गोलाई मोजायला डोळा, जाडी मोजायला बोट. पुरुष माती काढतात, भट्ट्या लावतात, होड्या बांधतात. नदाला वाहून आलेले लाकूड जळण. पूर्वी मडक्यांनी होड्या भरून दूरदूरच्या गावांना जायचे आणि मडक्याच्या बदल्यात भात आणायचा, असा व्यवहार. आजही थोडाफार चालतो. लहान मडक्याला 'टेकेली' म्हणतात.

चिकणमाती काठाच्या पोटात खोलवर असते, वरच्या वाळूखाली. ती काढण्यासाठी काठालाच खड्डे घेतात. त्याने काठ ढासळतो असा आक्षेप आहे, आणि माती काढू नये असे या लोकांना अधूनमधून सांगितले जाते. यात कोणाची बाजू घ्यावी, मला समजेना. काठ राहिला पाहिजे हे खरे. पण कुंभाराला माती काढू नको म्हणणे म्हणजे मला शब्द वापरू नका म्हणण्यासारखे आहे. आणि नद ज्या मापाने जमीन नेतो त्यापुढे कुंभाराची पाटी ती काय!

एका अंगणात पासष्ट-सत्तरीच्या आजीबाई थापटणी चालवीत होत्या. भाच्याने त्यांना 'आइता' म्हणून हाक मारली. आपल्या 'आजी'चा तो शब्द. "आइता, तुमचे घर किती वर्षांचे?"

"हे? सहा."

"त्याच्या आधी?"

आजींनी थापटणी खाली ठेवली नाही. थापटणीनेच दाखवले. आम्ही तिकडे पाहिले. अंगणाच्या टोकाला केळी होत्या, केळींपलीकडे काठ तुटलेला होता, आणि मग पाणी. "ते, ती होडी दिसते ना, त्याच्या थोडे पुढे. आणि सासऱ्यांचे घर त्याच्याही पुढे. माझे लग्न झाले तेव्हा नदी पाहायला जावे लागायचे." एकूण चार घरे त्यांनी मोडून पुन्हा उभी केली होती. नद एकदम नेत नाही. आधी काठाला भेग पडते, रात्री आवाज येऊ लागतो, मग घर उतरवायचे: छप्पर, बांबू, कामट्या, चौकटी, सगळे मोजून सोडवायचे, खांद्यावर घ्यायचे आणि आत कोणाच्या तरी जागेत मांडायचे. पुरात घर बुडाले तर पाणी ओसरल्यावर जमीन परत मिळते. अशी कापून नेलेली जमीन परत मिळत नाही, आणि ज्या सर्व्हे नंबरावर मासे पोहतात त्याचा उतारा घेऊन कोणत्या कचेरीत जावे!

हे असे का झाले याचे एक मोठे कारण १५ ऑगस्ट १९५०चा भूकंप. देशाचा स्वातंत्र्यदिन होता. संध्याकाळी आसाम ८.६ प्रतीच्या धक्क्याने हादरला. वरच्या डोंगरांचे कडे नद्यांत कोसळले. सुबनसिरी काही दिवस दरडीने अडून राहिली आणि मग दरड फोडून एकदम खाली आली. त्या सगळ्या दगडमातीने ब्रह्मपुत्राचा तळ वर उचलला गेला. पात्र उथळ झाले की नदी रुंदी मागते, आणि माजुली ही सगळी वाळू-गाळाची. मागेल त्याला देणारी.

काठावर आता सरकारने सिमेंटच्या दांड्यांचे तिकाटणे ओळीने मांडले आहेत. इंजिनिअर त्यांना साळिंदर म्हणतात. पाणी त्यांच्या काट्यांतून गेले की त्याचा वेग मोडतो आणि गाळ तेथेच बसतो. काही ठिकाणी गुण आला आहे, काही ठिकाणी साळिंदरेच वाहून गेली. तेथे उभे असताना भाच्याने संजय घोष यांचे नाव काढले. बिकानेरकडे 'उरमूल'चे काम उभे करून हे गृहस्थ १९९६ साली सहकाऱ्यांना घेऊन माजुलीत राहायला आले. त्यांनी गावकऱ्यांना श्रमदानाला लावले आणि १९९७च्या आरंभी बांबू, वेली, गवत असली हाताशी असलेली साधने घेऊन दीड-पावणेदोन किलोमीटरचा काठ लोकांनी स्वतः बांधला. त्या पावसाळ्यात तो टिकला. ४ जुलै १९९७ रोजी उल्फाच्या माणसांनी घोष यांना माजुलीतूनच पळवून नेले. त्यांना मारण्यात आले. प्रेतही घरच्यांना मिळाले नाही. वय सदतीस. बांधाच्या कामांवर ठेकेदारांपासून बंदूकवाल्यांपर्यंत अनेकांचे चालत असे, आणि लोकांनी आपला काठ आपणच बांधणे त्यांतल्या कित्येकांना परवडणारे नव्हते, असे तेथील माणसे हलक्या आवाजात सांगतात. आजींना हे नाव माहीत होते. त्या म्हणाल्या, "तो पाण्यात उभा राहून काम करायचा." एवढेच.

सौ.ने दोन टेकेल्या घेतल्या. पैसे द्यायला गेली तर आजी म्हणाल्या, "बाइदेउ, आज काती बिहू, एक अशीच घे." मला वाटले आता आमचे नेहमीचे 'नको-घ्या' सुरू होणार, पण सौ.ने पदर पुढे करून ती टेकेली घेतली, ओटी घ्यावी तशी.

बोट मिळाली. परतीच्या वाटेवर काशाचे पट्टे मावळतीने तांबूस झाले होते आणि कोणी फारसे बोलत नव्हते. ऑक्टोबरात तिकडे पाचलाच सूर्य बुडतो. म्हणून तर चहामळेवाले आपली घड्याळे तासभर पुढे ठेवतात, आणि 'बागान टाइम' की सरकारी टाइम हे प्रत्येक भेटीच्या आधी ठरवून घ्यावे लागते. नीमातीहून जोरहाटच्या रस्त्याला लागलो तेव्हा अंधार पडला होता आणि दोहो बाजूंच्या भातशेतांत पणत्या लागल्या होत्या. काती बिहूला खाण्यापिण्याची चैन नसते. कणगीतले जुने भात संपलेले, नवे अजून शेतात, म्हणून त्याला 'कंगाली बिहू' म्हणतात. त्या संध्याकाळी शेतात एक पणती लावायची, अंगणातल्या तुळशीपाशी एक, आणि काही जण उंच बांबूच्या टोकाला 'आकाशबंती' चढवतात. आपला आकाशकंदीलच तो, फक्त कागद नसलेला.

"सालमोऱ्याच्या त्या आजींचे शेत तर पाण्यात गेले," सौ. म्हणाली. "त्या कोठे लावीत असतील?"

"तुळशीपाशी," भाचा म्हणाला. "तुळस असते ना त्यांच्याकडे. मडक्यात लावलेली. घर हलवायची वेळ आली की आधी ती उचलतात, मग बांबू सोडवायला घेतात."